डिस्चार्ज कार्डावर पोट लिहा

मा. कुलगुरू, विद्या परिषदेचे सदस्य आणि शल्यचिकित्सेचे सर्व अध्यापक,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दिंडोरी रोड, म्हसरूळ, नाशिक

स. न. वि. वि.

तुमच्या फाटकावरून मी कित्येक वर्षे ये-जा करते आहे, आत मात्र दोनदाच आले. एकदा भाचीच्या कामासाठी आणि एकदा रिक्षावाल्याने चुकीच्या ठिकाणी उतरवले म्हणून. तेव्हा हे पत्र ओळखीतून लिहिलेले नाही. एकतीस वर्षे सर्जिकल वॉर्डात परिचारिका होते, शेवटची काही इन्चार्ज सिस्टर. आता पंचवटीत राहते, गुडघे सांभाळते.

निमित्त असे झाले की मागे शहरात सर्जन मंडळींची एक परिषद भरली होती. परिचारिकांसाठीही एक सत्र होते, म्हणून मला बोलावणे आले. चहाच्या आधी एका तरुण सर्जनने पडद्यावर एक फोटो लावला. माणसाचा हात, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि त्यावर शिवलेला दुसऱ्याच माणसाच्या पोटाचा भाकरीएवढा तुकडा. सभागृह क्षणभर गप्प, मग टाळ्या. मीही वाजवल्या, खोटे कशाला बोलू? असली हुशारी पाहिली की हात आपोआप जुळतात.

ती हुशारी कसली, हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगते. पोटाच्या भिंतीचे प्रत्यारोपण म्हणजे मेंदूमृत दात्याच्या पोटाची पुढची भिंत, कातडी, चरबी, स्नायू आणि त्याखालचे चिवट अस्तर असा अख्खा थर, आपल्या रक्तवाहिन्यांसकट उचलायचा आणि ज्याचे पोट कशानेच बंद होत नाही अशा रुग्णाला लावायचा. मायामी विद्यापीठाच्या पथकाने २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पहिला अनुभव मांडला: आठ रुग्ण, नऊ कलमे. लेख लिहिताना त्यांतले सहा जण जिवंत होते आणि पाच जणांची कलमे शाबूत होती. यातल्या बहुतेकांना आतडेही नवे बसवलेले. आतडे बदलायची पाळी ज्यांच्यावर येते त्यांची पोटे आधीच चार-पाच वेळा उघडलेली असतात. कातडी व्रणांनी चिवट झालेली, आतली जागा आकसलेली. नवे आतडे बसवले तरी झाकण लागत नाही. म्हणून मग दात्याकडून आतड्याबरोबर झाकणही घ्यायचे.

हातावरचा तुकडा ही ऑक्सफर्डच्या पथकाची युक्ती. आतडे जोडायला तासन्‌तास जातात आणि रक्तावाचून पडून राहिलेला स्नायू इतका वेळ धीर धरत नाही. म्हणून त्यांनी पोटाचा तुकडा आधी रुग्णाच्या हाताच्या रक्तवाहिन्यांना जोडून जिवंत ठेवला आणि आतड्याचे काम उरकल्यावर तिथून उचलून पोटावर बसवला. माझ्या आईने हे पाहिले असते तर ‘कुंडीतले रोप’ म्हणाली असती. आणखी एक गंमत त्या सर्जनने सांगितली, ती मला फोटोपेक्षा जास्त आवडली. परके आतडे शरीर नाकारायला लागले की बाहेरून काही दिसत नाही, आत दुर्बीण घालून तुकडा काढून तपासावा लागतो. पण त्याच दात्याची कातडी पोटावर असेल तर तिच्यावर पुरळ उठते आणि डॉक्टर सावध होतात. म्हणजे भिंतीलाच खिडकी.

हे सगळे ऐकून घरी येताना मला टाळ्या नाहीत, दिंडोरी तालुक्यातला एक माणूस आठवत राहिला. द्राक्षबागेत छाटणीला जाणारा. नाव सांगत नाही, आणि हे कुठल्या रुग्णालयात घडले तेही नाही. कुणाला कोर्टात खेचायचे असते तर पत्र लिहिले नसते.

विषमज्वरात त्याचे आतडे फुटले. उशिरा आणले, पोटात पू. पहिले ऑपरेशन झाले आणि सहाव्या दिवशी पहाटे त्याची बायको धावत आली, ‘सिस्टर, पट्टी लाल पाण्यानं भिजली.’ सर्जिकलच्या कुठल्याही सिस्टरला विचारा, लालसर पाण्याने भिजलेली पट्टी म्हणजे काय. टाके आतून सुटले होते. आम्ही त्याला ‘बर्स्ट’ म्हणतो. पुन्हा थिएटर, पुन्हा टाके, पुन्हा बर्स्ट. तिसऱ्या खेपेला पोट बंद करायचा नाद सोडून युरोबॅग, म्हणजे लघवी साठवायची प्लास्टिकची पिशवी, कापून, निर्जंतुक करून ती कडेने शिवली. ही युक्ती १९८४ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिथे सलाइनची पिशवी वापरत. आपल्याकडे हाताशी युरोबॅग असते. पारदर्शक प्लास्टिकमागे आतडी हलताना दिसायची आणि शेजारच्या खाटांवरचे नातेवाईक ती बघायला यायचे. मी पडदा ओढायचे, ते पुन्हा सरकवायचे.

पुढे आतड्याला भोक पडून मळ उघड्यावर येऊ लागला. त्याची कातडी सडू नये म्हणून झिंक ऑक्साइडचा लेप, अ‍ॅल्युमिनियम पेंट, दिवसातून पाच-पाच ड्रेसिंग. वास असा की सफाईवाल्या मावशीसुद्धा नाकाला पदर लावत. तो मात्र दर ड्रेसिंगला मलाच विचारायचा, ‘ताई, तुम्ही जेवल्या का?’ चार महिन्यांनी भोक मिटले. आतड्यांवर मांडीची कातडी चिकटवली आणि त्याला घरी सोडले.

डिस्चार्ज कार्ड माझ्याच हातून गेले. त्यावर लिहिले होते: आंत्रछिद्र, शस्त्रक्रिया, फिस्टुला (म्हणजे ते भोक) बरा, प्रकृती समाधानकारक. पोटाला भिंत उरलेली नाही, हे कुठेच नव्हते.

तो दोन वर्षांनी भेटला, मेळा बसस्थानकावर. सदऱ्याखाली मडके बांधल्यासारखे पोट. कातडी इतकी पातळ की आतड्यांची हालचाल सदऱ्यावरूनही कळावी. बाजारातला पट्टा त्याला बसत नव्हता, म्हणून बायकोच्या जुन्या लुगड्याचे चार वेढे घेऊन गाठ मारलेली. खोकला आला की दोन्ही हात पोटावर. क्रेट उचलता येत नाही, खाली बसून उठता येत नाही, म्हणून बागेत कुणी बोलावत नाही. ‘पाठीवर मारा पण पोटावर मारू नका’ म्हणतात ना, या माणसाला दोन्ही अर्थांनी पोटावर मार बसला होता. अपंगत्वाचा दाखला मिळेल का म्हणून तो खेटे घालत होता. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. पोटाची भिंत नसणे त्यांत नाही.

आता कुणी विचारेल, मग अशा माणसासाठीच तर हे प्रत्यारोपण. मलाही त्या सभागृहात क्षणभर तसेच वाटले होते. पण जरा थांबा. परकी कातडी अंगावर टिकवायची तर शरीराची राखणदारी जन्मभर दाबून ठेवावी लागते. टॅक्रोलिमससारख्या गोळ्या रोज, ठरल्या वेळी, रक्तातले प्रमाण पुन्हा पुन्हा तपासून. (हे औषध जपानमधल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून निघाले. मातीतून आलेले औषध घेणाऱ्याने पुढे मातीपासूनच जपून राहायचे, असा उलटा न्याय.) मूत्रपिंडावर ताण, जंतुसंसर्ग, काही कर्करोगांचा वाढलेला धोका. ज्याने नवे आतडे घेतले आहे त्याला या गोळ्या घ्याव्याच लागतात, त्यामुळे त्याच्यासाठी भिंत म्हणजे एका भाड्यात दोन प्रवास. ज्याचे आतडे धड आहे आणि फक्त भिंत गेली आहे, त्याला तेवढ्यासाठी ही जन्मठेप द्यायची का? शेणामातीत, फवारणीत काम करणाऱ्या, क्षयरोग अजून शेजारच्या घरात असलेल्या माणसाला? शिवाय लावलेल्या भिंतीचे मज्जातंतू सहसा जोडले जात नाहीत. स्नायू हळूहळू वाळतो, अस्तर तेवढे धरून ठेवते. पोट झाकले जाते, पण त्या भिंतीच्या जोरावर क्रेट उचलता येईल असे समजू नये. म्हणूनच जगभर पहिल्या दीड दशकात अशी प्रत्यारोपणे काही डझनच झाली. प्रयोग आहे तो, आणि करणारे प्रामाणिकपणे प्रयोगच म्हणतात. तरुण सर्जननेही तसेच सांगितले, पण टाळ्यांत ते वाक्य वाहून गेले.

दिंडोरीच्या त्या माणसाला लागणारे उपाय बरेच जुने आहेत. आतडी वर्षानुवर्षे बाहेर फुगलेल्या कातडीच्या पिशवीत राहिली की आतली खोली आकसते. सर्जनच्या भाषेत आतड्यांचा तिथला हक्क सुटतो. जबरदस्तीने आत कोंबली तर छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो, श्वास अडतो, लघवी बंद होते. म्हणून आधी खोली वाढवायची. अर्जेंटिनाच्या गोन्यी मोरेनो यांनी १९४० च्या दशकातच पोटात रोज थोडी थोडी हवा भरून ती ताणायची रीत दाखवली. आता बाजूच्या स्नायूंत बोटॉक्सची इंजेक्शने देऊन ते ढिले करतात. होय, तेच सुरकुत्यांचे बोटॉक्स. मग १९९० मध्ये रामिरेझ यांनी सांगितल्याप्रमाणे किंवा पुढच्या सुधारित रीतीने स्नायूंचे थर एकमेकांपासून सोडवून मध्ये आणायचे आणि जाळी घालायची. हे जाणणारे सर्जन नाशिकमध्येही आहेत. पण त्यांच्यापर्यंत पोचायला आधी कुणीतरी कार्डावर लिहायला हवे ना की या माणसाला काय झाले आहे.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट. ती लिहू की नको असा दोन दिवस विचार केला.

पोट बंद कोण करते? मोठे ऑपरेशन चार तास चालते. आतडे कापले, जोडले, धुतले. मग सर हातमोजे काढतात, खांदे मोकळे करतात आणि म्हणतात, ‘क्लोज करून घे.’ पहाटेचे तीन, आणि ज्याला ते सांगितले तो पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ सर्जन, पोरगा किंवा पोरगी, छत्तीस तास न झोपलेली. भूल देणारे घड्याळाकडे बघत असतात. सुई मोठमोठे घास घेत भराभर पळते. एकतीस वर्षांत मी आतड्याच्या जोडावर सरांची नजर हटलेली पाहिली नाही, आणि पोटाच्या टाक्यांवर ती टिकलेली क्वचितच पाहिली. अपवाद होते. एक सर होते, ते शेवटचा टाका स्वतः घालायचे आणि गाठ मारताना कुणी बोललेले त्यांना चालायचे नाही. त्यांच्या युनिटचे बर्स्ट माझ्या आठवणीत नाहीत. आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळते.

पुरावा हवा तर तोही आहे. १९७६ मध्ये जेंकिन्स नावाच्या ब्रिटिश सर्जनने साधा हिशेब मांडला: ऑपरेशननंतर पोट फुगते, जखमेची लांबी ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, म्हणून धागा जखमेच्या किमान चौपट हवा. वीस सेंटिमीटरच्या जखमेला ऐंशी सेंटिमीटर. नेदरलँड्समध्ये ५६० रुग्णांवर चाचणी झाली, २०१५ मध्ये छापून आली. ठरवून केलेल्या ऑपरेशनांत एक-एक सेंटिमीटरचे मोठे टाके घातलेल्यांपैकी २१ टक्के लोकांना वर्षभरात व्रणाच्या जागी हर्निया झाला. पाच-पाच मिलिमीटरचे बारीक टाके घातलेल्यांत तो १३ टक्क्यांवर आला. औषध तेच, यंत्र काही नाही, चार-पाच मिनिटे जास्त. पू भरलेल्या पोटाला हेच आकडे लागू होतील असे मी म्हणत नाही, तिथे जंतूच टाके खातात. पण सवय लागते ती साध्या पोटावरच.

तेव्हा माझे म्हणणे ऐका. अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो हे ठाऊक आहे. पण परीक्षा तुम्ही घेता, प्रबंधांचे विषय तुमच्याकडून मंजूर होतात, विद्यार्थ्यांच्या लॉगबुकावर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, तुमची छाप असते. त्या लॉगबुकात प्रत्येक पोटाच्या ऑपरेशनपुढे दोन रकाने वाढवा: जखम किती सेंटिमीटर, धागा किती सेंटिमीटर. मोजायला निर्जंतुक केलेली स्टीलची पट्टी पुरते. उघडलेल्या धाग्यातून उरलेला वजा केला की झाले, सिस्टर तो आकडा मोठ्याने सांगेल. मी स्वतः शेवटच्या वर्षी हे दोन महिने करून पाहिले. पहिल्या आठवड्यात सगळे हसले. तिसऱ्या आठवड्यात एक रेसिडेंट मला विचारायला लागला, ‘सिस्टर, चौपट भरले का?’ मग माझी बदली दुसऱ्या वॉर्डात झाली आणि पट्टी कुठे गेली देव जाणे.

तोंडी परीक्षेला आतड्याच्या जोडाचे पाच प्रकार विचारता. एकदा विचारा की पोट बंद करताना तुझे सर कुठे होते.

आणि डिस्चार्ज कार्ड. ‘पोटाची भिंत’ अशी एक ओळ छापा. शाबूत, सैल, अंतर इतके, भिंत नाही, जे असेल ते. ‘समाधानकारक’च्या पोटात हे सगळे घालू नका. ती ओळ असेल तर तालुक्याच्या डॉक्टरला कळेल, पट्टा कुठला द्यायचा ते कळेल, जड उचलू नको हे कुणीतरी लेखी सांगितलेले असेल. आणि पाच वर्षांनी तुम्हाला त्या ओळी मोजता येतील. प्रत्यारोपणाची खरी गरज नाशिक जिल्ह्यात दोघांना आहे की दोनशे जणांना, हे त्या मोजणीतूनच निघेल.

प्रत्यारोपणाला माझा विरोध आहे असे कुणी समजू नये. महाराष्ट्रात छोट्या आतड्याची प्रत्यारोपणे होतात, त्यांच्यातल्या कुणाला उद्या भिंतही लागेल. २०११ च्या दुरुस्तीने आपल्या प्रत्यारोपणाच्या कायद्यात अवयवांबरोबर ऊतीही, म्हणजे कातडीसारखे भागही, आल्या. २०१५ मध्ये कोचीला देशातले पहिले हाताचे प्रत्यारोपण झाले. लोकलखाली दोन्ही हात गेलेल्या मुंबईच्या मुलीला २०२० मध्ये परळला नवे हात मिळाले, तेव्हा मी टीव्हीसमोर रडले होते. पण दात्याच्या नातेवाइकांशी बोलायला वॉर्डात आम्हीच असतो, म्हणून एक सांगते. मूत्रपिंड दिले तर बाहेरून दिसत नाही. पोटाची कातडी दिसते. हे रामकुंडाचे गाव आहे. इथे लांबलांबून माणसे अस्थी घेऊन येतात, दहाव्याला कावळ्याची वाट बघत उभी राहतात. ‘देह पुरा जाईल ना?’ हा प्रश्न मी व्हेंटिलेटरच्या शेजारी किती वेळा ऐकला आहे! मुलगा गेलेल्या बापाला संमतीच्या कागदात ‘ऊती’ या एका शब्दाखाली पोट गुंडाळून विचारू नका. वेगळे विचारा, मराठीत विचारा, नंतर पोट कसे शिवून देणार ते आधी सांगा आणि तसेच द्या. बाप ‘नाही’ म्हणाला तर मूत्रपिंडाच्या ‘हो’वर त्याचा राग काढू नका. हे बोलायचे प्रशिक्षण अवयवदानाच्या समन्वयकांना मिळते. वॉर्डातल्या सिस्टरला बहुधा नाही, आणि बाप प्रश्न तिलाच विचारतो.

दिंडोरीच्या त्या माणसाला मी हा सगळा प्रकार गेल्या आठवड्यात फोनवर सांगितला. हातावर पोट वाढवतात म्हणाले तर तो म्हणाला, ‘आपलं तं आधीपासूनच हातावर पोट हाय, ताई.’ मग विचारात पडला आणि म्हणाला, ‘दुसऱ्याचं पोट लावलं तर भूक कुणाची लागंल?’ मी म्हटले, ‘तुझीच.’ ‘मग कशाला,’ म्हणाला. त्याला आता एका सर्जनकडे पाठवते आहे. आधी सिगारेट-बिडी बंद, साखर तपासणी, मग सीटी स्कॅन. जाळीचे ऑपरेशन जमेल असे ते प्रथमदर्शनी म्हणाले. त्याच्या जुन्या कार्डाची झेरॉक्स त्यांनी मागितली होती. तिचा उपयोग झाला नाही, मीच फोनवर सांगितले.

बर्स्ट झालेल्या रुग्णांच्या माझ्या दोन वह्या आहेत. तारीख, कितव्या दिवशी, धागा कुठला, बंद कुणी केले (नाव नाही, वर्ष पहिले की तिसरे एवढेच). अक्षर वाईट आहे, पण कुणा विद्यार्थ्याला प्रबंधासाठी हव्या असतील तर रुग्णांची नावे झाकून दाखवायला तयार आहे. गुरुवारी सकाळी गुडघ्याच्या व्यायामाला जावे लागते, ते सोडून कधीही. म्हसरूळला मी स्वतः येईन, फक्त फाटकावर सांगून ठेवा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
पंचवटी, नाशिक